बरोबरीचा डाव

(2025 च्या गणेशोत्सवात आपल्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



व्याख्यान म्हटलं की बाहेरून एखादे प्राध्यापक किंवा लेखक बोलवायची आपल्याकडे पद्धत आहे. या वर्षीच्या पाहुण्यांना आयत्या वेळी बिलासपूरला येणं जमलं नाही आणि परवा रात्री सचिवांचा मला फोन आला. मी म्हटलं, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. रुळांवर बोला म्हणालात तर तासभर बोलेन, पण ऐकणार कोण?" ते म्हणाले, "मग बुद्धिबळावर बोला. मुलांच्या स्पर्धा दरवर्षी तुम्हीच घेता ना?" खरं म्हणजे बुद्धिबळावर बोलण्याचाही मला अधिकार नाही. इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी चहाच्या पैजेवर खेळणारा मी खेळाडू, आणि बहुतेक वेळा चहा मीच पाजतो. तरीही मी हो म्हटलं. त्याचं कारण गेल्या वर्षी याच मंडपात घडलं, तेव्हा आधी तेच सांगतो.

2024 च्या उत्सवात मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी होती. एक मुलगा नववीतला, दुसरा सहावीतला. नावं घेत नाही, दोघंही आपल्याच कॉलनीतले आहेत. पंच मी होतो. डाव संध्याकाळी सहाला सुरू झाला आणि आठ वाजून गेले तरी संपेना. शेवटी पटावर इतके कमी मोहरे उरले की कोणीच कोणाला मात देऊ शकत नव्हतं. मी डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं.

इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं. पण चषक एकच होता. साडेआठची आरती होती, आरतीनंतर बक्षीस समारंभ, आणि प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. कोणीतरी म्हणालं, "अहो साहेब, टाका चिठ्ठी आणि मोकळे व्हा." मलाही ते सोपं वाटलं. दोन चिठ्ठ्या केल्या, एका लहान मुलीला एक उचलायला लावली. नववीतल्या मुलाचं नाव निघालं, टाळ्या झाल्या, फोटो झाला.

मी सतरंज्या गुंडाळत होतो तेव्हा तो सहावीतला मुलगा माझ्याजवळ आला. रडत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "काका, मी हरलो कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. "अरे, नशीब असतं बाळा," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. या वर्षी स्पर्धेच्या अर्जांचा गठ्ठा हातात आला तेव्हा मी आधी त्याचं नाव शोधलं. ते त्यात नव्हतं.

म्हणून आज मी जिंकण्याबद्दल बोलणार नाही. जिंकणाऱ्यांवर पुष्कळ बोलून झालेलं आहे. मी बरोबरीत सुटलेल्या एका डावाबद्दल बोलणार आहे. डाव 1962 सालचा आहे. त्याबद्दल मी जे वाचलं आणि पट मांडून जे स्वतः खेळून पाहिलं, तेच सांगतो.

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. या खेळात जिंकलेल्याला एक गुण, हरलेल्याला शून्य, आणि बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा. बरोबरी अनेक तऱ्हांनी होते. मात द्यायला पुरेसे मोहरे उरले नाहीत तर होते. तीच स्थिती तीनदा आली तर होते. राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी झाली तरी होते. आणि दोघांनी मिळून ठरवलं तरी होते. ही शेवटची तऱ्हा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

तर 1962 साल. बल्गेरिया देशात काळ्या समुद्राच्या काठी वार्ना नावाचं शहर आहे. तिथे त्या वर्षी बुद्धिबळ ऑलिंपियाड भरलं होतं. ऑलिंपियाड म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर मिखाईल बोटविनिक, वय 51, विद्यमान जगज्जेता. 1948 साली तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. मध्ये दोनदा किताब गेला आणि दोन्ही वेळा वर्षभरात परतीच्या सामन्यात त्याने तो परत मिळवला. आपल्या कॉलनीसाठी खास सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हा माणूस विद्युत अभियंता होता. त्याने अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली होती आणि बुद्धिबळाबरोबर ते कामही शेवटपर्यंत सोडलं नाही. म्हणजे आपल्या टीआरडीवाल्यांचा जातभाई म्हणायला हरकत नाही.

समोर अमेरिकेच्या पहिल्या पटावर रॉबर्ट फिशर, ज्याला सगळं जग बॉबी म्हणतं. वय 19. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा विजेता झालेला. शाळा अर्धवट सोडलेली, स्वभाव तापट. आमच्या खात्यात दोन रूळ जोडायला फिशप्लेट असते. हा फिशर मात्र कोणाशी जोडला जाणारा नव्हता, एकटा जीव.

हे दोघं त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर बसले. आणि पुढे आयुष्यात पुन्हा कधीच बसले नाहीत. 1970 साली दोघांचा सामना हॉलंडमध्ये ठरवायचा प्रयत्न झाला होता, तो फिसकटला. त्यामुळे या दोन जगज्जेत्यांमधला हा एकच डाव इतिहासात आहे.

बोटविनिककडे पांढरे मोहरे होते. तो घरी तयारी करून येणारा खेळाडू म्हणून प्रसिद्ध होता. वहीत डाव मांडायचा, प्रत्येक फाटा तपासायचा, अगदी आपण ड्रॉइंग तपासतो तसा. या डावाच्या सुरुवातीच्या सोळा-सतरा चाली अशाच त्याच्या वहीतल्या होत्या. सतराव्या चालीला त्याने प्यादं पुढे सरकवलं आणि फिशरच्या वजिरावर हल्ला केला. वहीप्रमाणे आता काळ्याची पंचाईत व्हायला हवी होती.

फिशरने वजीर उचलला आणि पांढऱ्याचं एक प्यादं मारलं. त्या प्याद्याला उंटाचा जोर होता, म्हणजे वजीर सरळ मारला जाणार होता. पाहणाऱ्याला वाटावं की पोराचं डोकं फिरलं. पण गंमत अशी की पांढऱ्याचा तो एकच उंट दोन कामं करत होता. एका बाजूला तो त्या प्याद्याला जोर देत होता आणि दुसऱ्या बाजूला आपल्या वजिराला. उंटाने इकडे येऊन काळा वजीर मारला की तिकडे पांढरा वजीर उघडा पडतो आणि काळा घोडा त्याला मारतो. वजिराला वजीर गेला, आणि वर काळ्याला एक प्यादं फुकट मिळालं.

एकाच गेटमनला दोन फाटकं सांभाळायला दिली की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. गाडी जोवर एका बाजूने येते तोवर सगळं ठीक दिसतं. बोटविनिकच्या वहीत ही चाल नव्हती. जगातला सगळ्यात काटेकोर माणूस, आणि त्याच्या तपासणीतून नेमकी हीच गोष्ट निसटली.

आता पुढचं समजून घ्या. वजीर गेल्यावर डाव शांत होतो, पण सोपा होत नाही. एक प्यादं जास्त म्हणजे काय, असं नवशिक्याला वाटतं. या पातळीवर एक प्यादं म्हणजे बहुधा पूर्ण डाव. मोहरे एकेक करून कमी होत जातात आणि शेवटी ते प्यादं पलीकडच्या टोकाला पोचून वजीर होतं. बोटविनिक पंचवीसेक चाली नुसता तग धरून राहिला. पंचेचाळिसाव्या चालीपर्यंत पटावर दोन राजे, प्रत्येकी एक हत्ती, पांढऱ्याची तीन प्यादी आणि काळ्याची चार एवढंच उरलं, आणि खेळाची वेळ संपली.

त्या काळी ठरावीक तासांनंतर डाव तहकूब करायची पद्धत होती. ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची आणि पाकीट पंचांकडे द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडून डाव पुढे सुरू. संगणक आल्यावर ही पद्धत बंद पडली, ते बरंच झालं. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. मधली रात्र. जिंकत असलेल्यालाही रात्र मिळायची आणि हरत असलेल्यालाही.

त्या रात्री बोटविनिकसमोरचं चित्र वाईट होतं. स्थिती हरल्यातच जमा, असंच तिच्याकडे पाहणाऱ्याला वाटावं. पण सोव्हिएत संघात त्या वर्षी कोण कोण होतं पाहा: पेट्रोस्यान, स्पास्की, केरेस, गेलर आणि ताल. डाव तहकूब असताना संघातल्या लोकांनी मिळून अभ्यास करायला नियमाची आडकाठी नव्हती. रात्र जागून स्थिती तपासली गेली, आणि वाट सापडली ती येफिम गेलरला.

त्याची कल्पना ऐका, कारण मला स्वतःला ती फार शिकवून गेली. आधीच एक प्यादं कमी असताना आपल्याला वाटतं की उरलेली प्यादी पोटाशी धरून बसावं. गेलर म्हणाला, एक आणखी द्या. डावीकडचं प्यादं वाचवत बसू नका, त्या बाजूला फिशरला हवं ते घेऊ द्या. तुमचा हत्ती थेट सातव्या ओळीत घुसवा, त्याचं उजवीकडचं प्यादं मारा आणि तुमची स्वतःची प्यादी पळवायला लागा. म्हणजे बचाव करायचा, पण बसून नाही, चालून.

इथे मला आमच्या कामातलं एक सांगावंसं वाटतं. रात्रीचा ब्लॉक मिळतो तेव्हा आपण रुळावर उतरतो. पहाटेपर्यंत काम संपवून लाइन द्यायची असते. सकाळची गाडी त्या जागेवरून जाते तेव्हा आतल्या प्रवाशाला कळतही नाही की रात्री इथे काय झालं. कोणी टाळ्या वाजवत नाही. काही झालं नाही, हेच आपलं यश. काही झालं असतं, तर मात्र सगळ्यांना आपली नावं कळली असती. मंडळी, बरोबरी मला पुष्कळदा अशीच वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काहीच घडलं नाही, अर्धा गुण इकडे आणि अर्धा तिकडे. आत मात्र कोणीतरी रात्रभर जागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं. बोटविनिकने गेलरच्या वाटेने हत्ती घुसवला आणि प्यादं दिलं. फिशरने ते घेतलं. आता फिशरकडे डावीकडे शेजारी शेजारी दोन प्यादी होती आणि त्यांना अडवायला समोर पांढऱ्याचं एकही प्यादं नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, संपलंच.

एक्कावन्नाव्या चालीला फिशरने त्यातलं एक प्यादं एक घर पुढे टाकलं. दिसायला अगदी साधी, सरळ चाल. ज्याला पुढे जायचं तो पुढे गेला. पण त्या एका घराने ते प्यादं काळ्या राजाच्याच ओळीत आलं. बोटविनिकने उजवीकडचं आपलं प्यादं पुढे करून मारायला दिलं. ते मारलं गेल्यावर पांढऱ्या हत्तीने त्याच ओळीत येऊन राजाला शह दिला. राजा बाजूला झाला, आणि हत्ती ओळीतून सरळ जाऊन पलीकडचं ते प्यादं घेऊन आला. शेजारी शेजारी चालणाऱ्या जोडीतलं एक गेलं आणि दुसरं एकटं पडलं.

डाव अडुसष्टाव्या चालीला बरोबरीत सुटला. शेवटची स्थिती मी मुद्दाम घरी पट मांडून बघत बसतो. फिशरकडे दोन प्यादी आहेत, एक पटाच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. दोन्ही वजीर होण्यापासून दोनच घरं दूर. बोटविनिककडे फक्त एक प्यादं. दोनाला एक, आणि तरीही फिशर जिंकू शकत नाही, कारण त्या एका प्याद्याने काळ्या राजाला जागेवर बांधून ठेवलं आहे. राजा आपल्या प्याद्यांच्या मदतीला गेला तर हे एकच पळून जाईल. घराच्या दारापर्यंत आलेली दोन माणसं दारातच उभी राहिली.

आता त्या शेवटच्या तऱ्हेकडे येतो, दोघांनी ठरवून केलेल्या बरोबरीकडे.

वार्नाच्या काही महिने आधी, त्याच 1962 साली, वेस्ट इंडीजकडच्या क्युरासाओ बेटावर जगज्जेतेपदाचा आव्हानवीर ठरवायची मोठी स्पर्धा झाली होती. त्यात पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसात एकूण बारा डाव खेळले. बाराच्या बारा बरोबरीत सुटले, आणि बरेचसे अगदी थोड्या चालींत. आपसात झोप काढायची आणि इतरांशी ताज्या डोक्याने खेळायचं, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. फिशर तिथे चौथा आला. त्याने ऑगस्टमध्ये एका मोठ्या अमेरिकन क्रीडा साप्ताहिकात लेख लिहून उघड आरोप केला की हे ठरवून चाललं आहे. त्या आरडाओरडीनंतर आव्हानवीर ठरवायची पद्धतच बदलली. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळण्याऐवजी दोघा दोघांचे बाद पद्धतीचे सामने सुरू झाले.

आता बघा, नियती कशी असते. क्युरासाओत ज्या तिघांनी आपसात बिनलढाईच्या बरोबऱ्या केल्या, त्यातलाच एक गेलर. आणि वार्नाला रात्र जागून, एकेका घरासाठी झगडून मिळवलेली बरोबरी ज्याच्या डोक्यातून निघाली, तोही गेलरच. माणूस एकच. गुणपत्रिकेवर लिहायची पद्धतही एकच, अर्धा आणि अर्धा. पण दोन बरोबऱ्यांत किती फरक! एक बरोबरी कष्ट टाळून केलेली, दुसरी कष्टाने कमावलेली. नुसता निकाल वाचणाऱ्याला हा फरक कधी कळणार नाही. त्यासाठी डाव बघावा लागतो.

फिशरने या डावाचं काय केलं? 1969 साली त्याने आपल्या साठ संस्मरणीय डावांचं पुस्तक काढलं. त्यात त्याने जिंकलेले डाव तर घेतलेच, पण बरोबरीचे आणि हरलेलेही घेतले. बोटविनिकबरोबरचा हा डावही त्यात आहे. एवढा अहंकारी म्हणून गाजलेला माणूस, पण जिथे आपल्या हातून विजय निसटला तो डाव त्याने लपवला नाही. पानंच्या पानं भरून त्याची चिकित्सा केली आणि म्हटलं की त्या एक्कावन्नाव्या चालीला आपण दुसरी चाल खेळलो असतो तर जिंकलोच असतो.

बोटविनिक कसला ऐकतो? त्याने उलट विश्लेषण केलं की नाही, तरीही बरोबरीच होती. बोटविनिकची तेव्हा मुलांसाठी बुद्धिबळ शाळा होती. 1970 च्या दशकात त्याने ही स्थिती आपल्या विद्यार्थ्यांना घरचा अभ्यास म्हणून दिली. एका तेरा वर्षांच्या मुलाने त्यात पांढऱ्याची अशी वाट दाखवली की फिशरच्या त्या सुधारलेल्या चालीनंतरही डाव वाचतो. त्या मुलाचं नाव गॅरी कास्पारॉव्ह, पुढे तोही जगज्जेता झाला. म्हणजे एका बरोबरीच्या डावावर तीन जगज्जेते वर्षानुवर्षं खपले. फिशर वार्नानंतर दहा वर्षांनी, 1972 साली जगज्जेता झाला. ही बरोबरी त्याला आडवी आली नाही. पण त्याने ती विसरूनही टाकली नाही.

माझं म्हणणं एवढंच की बरोबरी म्हणजे निकाल न लागणं नव्हे. बरोबरी हाच निकाल आहे. दोघांनी आपापलं सगळं पणाला लावलं आणि पट म्हणाला, समान.

मग प्रश्न येतो, चषक एकच असेल तर? हा प्रश्न फक्त आपल्या मंडळाला पडलेला नाही. 1983 साली ऑस्ट्रियातल्या फेल्डन गावी जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांचा सामना होता. एका बाजूला रशियाचा माजी जगज्जेता स्मिस्लॉव्ह, वय 62, आणि दुसऱ्या बाजूला जर्मनीचा ह्यूब्नर. दहा डावांनंतर 5-5. मग आणखी चार डाव खेळवले, 7-7. आता काय करणार? तिथे जवळच जुगारखाना होता. रूलेटचं चक्र फिरवलं. लाल आकडा आला तर स्मिस्लॉव्ह, काळा आला तर ह्यूब्नर. पहिल्यांदा गोळी शून्यावर जाऊन बसली, जो लालही नाही आणि काळाही नाही. म्हणजे चक्रसुद्धा म्हणालं, बरोबरी! पुन्हा फिरवलं, लाल आला, स्मिस्लॉव्ह पुढे गेला. चौदा डावांची मेहनत आणि शेवटी निकाल जुगाराच्या चक्राचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. म्हटलं, काय वेडे लोक! गेल्या वर्षी चिठ्ठ्यांची घडी घालताना मला ते आठवलं नाही. घरी गेल्यावर आठवलं, आणि हसू आलं नाही. फेल्डनच्या लोकांनी निदान चार डाव जास्तीचे खेळवून पाहिले होते. मी तेवढंही केलं नव्हतं. मला आरतीची घाई होती. आणि खरं सांगायचं तर आरतीचीही नव्हती. बाप्पा दहा मिनिटं थांबले असते. मला प्रमुख पाहुण्यांची घाई होती.

आता या वर्षीची गोष्ट. 2025 च्या जुलैत जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. दोन्ही खेळाडू भारताच्या. एकीकडे आंध्रची कोनेरू हंपी, वय 38, जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. नागपूर म्हणजे आपल्याला घरचंच स्टेशन, सकाळच्या गाडीने निघालं तर दिवसाउजेडी पोचतो. त्या दोघींचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. आपल्या घराघरांत काय प्रतिक्रिया होती? "अरे, परत ड्रॉच!" जणू काही झालंच नाही. तिसऱ्या दिवशी जलद डाव झाले. त्यातलाही पहिला बरोबरीत, आणि दुसरा दिव्याने जिंकला. विश्वचषक नागपूरला आला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली.

तिचा तो जिंकलेला डाव सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. मी घरातल्या पोरांना म्हटलं, आधीच्या तीन बरोबऱ्याही बघा. वयाने दुप्पट, अनुभवाने कितीतरी मोठ्या खेळाडूसमोर तीन डाव न हरणं, हे त्या शेवटच्या डावाइतकंच मोठं आहे. ते तीन डाव राखले नसते तर चौथा खेळायलाच मिळाला नसता. आणि हंपीकडूनही पाहा. तिनेही तेच तीन डाव राखले. शेवटी एक हरली म्हणून त्या तिन्हींची किंमत शून्य होत नाही.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो, आरतीची वेळ होत आली आहे. घाबरू नका, आज मला घाई नाही.

परवा फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. काल संध्याकाळी मी त्या सहावीतल्या, म्हणजे आता सातवीतल्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. मी त्याला म्हटलं, "बाळा, गेल्या वर्षी तू विचारलंस, मी हरलो कुठे. त्याचं उत्तर द्यायला आलोय. तू हरला नव्हतास. चिठ्ठी टाकली ती माझी चूक होती."

तो काही बोलला नाही. आत गेला आणि शाळेची जुनी वही घेऊन आला. मागच्या पानांवर त्याने तो सगळा डाव लिहून ठेवला होता, पहिल्या चालीपासून शेवटच्यापर्यंत. मला म्हणाला, "काका, तो दादा जिंकत होता. इथे बघा, माझा एक घोडा कमी होता. मग मी इथून वाचवला." आणि पट मांडून मला एकेक चाल दाखवायला लागला.

मंडळी, मी त्या डावाचा पंच होतो. दोन तास त्या पटाशेजारी उभा होतो. तो मुलगा घोडा कमी असताना तासभर झुंजला आणि डाव वाचवला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. त्याला चषक मिळाला नाही याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. त्याने काय केलं ते कोणी पाहिलंच नाही, याचं वाटलं होतं.

तेव्हा पंच या नात्याने मी कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी मांडल्या आणि त्या मंजूर झाल्या आहेत. पहिली, अंतिम डाव बरोबरीत सुटला तर मोहऱ्यांचे रंग बदलून दोन जलद डाव होतील. त्यातही बरोबरी झाली तर दोघं संयुक्त विजेते, आणि चषक दोन. दुसरा चषक मी आणून ठेवला आहे, लागला नाही तर पुढच्या वर्षी लागेल. दुसरी, मुलं डाव लिहून ठेवतील आणि अंतिम डाव समारंभात पडद्यावर दाखवला जाईल, म्हणजे बघणाऱ्यांना निकालाबरोबर डावही दिसेल. तिसरी, अंतिम फेरी आरतीच्या दिवसभर आधी होईल. आणि चिठ्ठी कधीच टाकली जाणार नाही. नशिबाचा खेळ खेळायचा असेल तर त्यासाठी आपल्याकडे तंबोला आहे.

गेल्या वर्षीच्या नववीतल्या विजेत्यालाही मी हे सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटेल अशी मला भीती होती. तो म्हणाला, "काका, मला पण तो चषक पूर्ण माझा वाटत नव्हता." या वर्षी त्याचा अर्ज पहिलाच आला आहे.

सातवीतल्या त्या मुलाचा अर्ज अजून आलेला नाही. मी त्याला आग्रह केला नाही, आग्रह करायचा मला हक्क नाही. अर्जाची मुदत उद्या संध्याकाळी सातपर्यंत आहे. मी मंडपात टेबल टाकून सातपर्यंत बसणार आहे, आणि सातनंतरही थोडा वेळ बसेन.

 गणपती बाप्पा मोरया!